बोर्ड उतरवलेले दिवस

लळिंगचा किल्ला मागे पडला तेव्हा मंजुळाअक्कांनी डाव्या पायातली चप्पल काढून हातात घेतली. मी खाली बघितलं. टाचेला फोड आला होता आणि फुटायच्या बेतात होता.

"बसायचं का थोडं?" मी विचारलं.

"बसलं का मंग उठनं पडस," त्या म्हणाल्या आणि तशाच चालत राहिल्या. एका पायात चप्पल, दुसरा उघडा.

चैत्राचं ऊन अजून वर आलं नव्हतं, पण डांबर तापायला लागलं होतं. आमच्या गावची मंडळी झेंडा आणि देवीच्या गाण्यांचा टेम्पो घेऊन बरीच पुढे गेली होती. शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या गावातून दर चैत्रात वणीच्या गडावर माणसं पायी जातात. मी पहिल्यांदाच निघाले होते. अक्का सत्तरीच्या पुढच्या. त्यांच्याजवळ कुणीतरी असावं म्हणून मला मागे ठेवलंय असं सगळे म्हणत होते. खरं म्हणजे अक्काच माझ्यासाठी मागे राहत होत्या.

"अक्का, देवीकडे काय मागणार?"

"पाय."

"म्हणजे?"

"चालता ठेव म्हनसू. आखो काय मागू?"

"मला वाटलं पक्ष मागाल."

त्या थांबून हसल्या. हसताना त्यांना नेहमी खोकला येतो, तसा आला. "येडी शे का तू? तिना दारशी बठ्ठा पक्षना लोके येतस. ती कोना कोनानं ऐकी?"

त्या पुन्हा चालायला लागल्या. मला मात्र माहीत होतं की गेल्या श्रावणापासून त्यांच्या डोक्यात दुसरं काही नाही. अक्का एका राजकीय पक्षाच्या अध्यक्ष आहेत. 'तापी-पांझरा कष्टकरी पक्ष' हे नाव तुम्ही ऐकलं नसणार. आमच्या तालुक्याच्या बाहेर ते कुणी ऐकलेलं नाही. त्या पक्षाचं नाव सरकारी यादीतून निघालंय, ते परत लागणार की नाही याची तारीख आता खंडपीठात लागायची आहे. आणि नाव गेलं ते आपल्यामुळे, असं अक्का मनातल्या मनात धरून बसल्या आहेत.

हे सगळं नीट सांगायचं तर त्यांच्या घरापासून सांगावं लागेल.

अक्कांचं माहेर साक्रीकडचं, डोंगराच्या कुशीतलं. सातवीपर्यंत शाळा झाली, मग लग्न होऊन इकडे आल्या. नवरा योगराजनाना सूतगिरणीत कामाला. गिरणी बंद पडली तेव्हा नाना आणि त्यांचे सोबती निवेदन घेऊन ऑफिसा-ऑफिसांतून फिरले. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच, "तुम्ही कोणाकडून?" माणूस स्वतःकडून येऊ शकतो हे तिथे कुणाच्या ध्यानातच यायचं नाही. एका संध्याकाळी नाना घरी आले आणि उंबऱ्यावरूनच म्हणाले, "पक्ष काढू."

"मी म्हशीजोडे बसेल व्हती," अक्का सांगतात. "म्हनलं, आधी दूध काढा, मंग पक्ष काढा."

पण नानांनी काढलाच. पक्ष नोंदवायला शंभर मतदारांची प्रतिज्ञापत्रं लागतात. घटना लागते, पदाधिकारी लागतात. गिरणीतले कामगार, कापूस वेचणाऱ्या बाया, दोन न्हावी, एक बँडवाला अशी माणसं गोळा झाली. उपाध्यक्ष बाई असावी असं कुणीतरी सुचवलं, म्हणून अक्कांची सही घेतली. दिल्लीहून नोंदणीचा कागद आला त्या दिवशी नानांनी घराच्या दारावर निळ्या पत्र्याचा बोर्ड लावला. अक्षरं शिरपूरच्या पेंटरनं काढली होती. 'कष्टकरी'तला 'ष्ट' जरा मोठा झालाय, तो अजून तसाच आहे.

पुढे विधानसभेला ते उभे राहिले. चिन्ह मिळालं बादली. उन्हाळ्यात ज्या बाया टँकरमागे पळायच्या त्या रिकाम्या बादल्या घेऊन प्रचारात चालल्या. पडायचं होतं ते पडले. पुन्हा एकदा लढले, पुन्हा पडले. नंतर नानांची प्रकृती बिघडली आणि कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ते गेले. दिवसकार्य झाल्यावर ओट्यावर मंडळी जमली आणि अक्कांकडे बघायला लागली. तशा अक्का अध्यक्ष झाल्या.

नानांची प्रकृती बिघडल्यापासून पक्षानं एकही निवडणूक लढवलेली नाही, हे खरं आहे. पण आमच्या गावात 'पक्षावर जाऊन येतो' म्हटलं की माणूस अक्कांच्या ओट्यावर जातो. रेशनकार्डातून सुनेचं नाव राहिलं, पक्षावर जा. फाट्यावर एसटी थांबत नाही, पक्षावर जा. आगारात त्या स्वतः बारा बाया घेऊन बसल्या होत्या, तेव्हापासून बस थांबते. माझं माहेर यावलकडचं. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला वाटलं होतं की पक्ष म्हणजे हा ओटाच. ग्रामपंचायतीत त्यांच्या बाजूच्या दोन बाया निवडून आल्या तेव्हा अक्का म्हणाल्या, "देख, आपला पक्ष उना." नंतर वकिलांनी समजावलं की ग्रामपंचायत पक्षाच्या नावावर होत नाही, ती मोजत नाहीत. लोकसभा नाहीतर विधानसभाच लागते. अक्कांना ते पटायला वेळ लागला. ज्या निवडणुकीत आपण प्रत्येक मतदाराला घरातून ओळखतो ती निवडणूक नाही, आणि जिथे कुणालाच ओळखत नाही ती खरी, हे त्यांना अजब वाटलं.

मागच्या आषाढात नोटीस आली. सहा वर्षांत पक्षानं निवडणूक लढवलेली नाही आणि दिलेल्या पत्त्यावर कार्यालय आहे की नाही याची शंका आहे, तर नाव यादीतून का काढू नये, असं विचारलेलं. अशा नोटिसा आणखीही पुष्कळ पक्षांना गेल्या होत्या. माझं अक्षर बरं आणि मी अधूनमधून मासिकांना लिहिते, म्हणून उत्तर मी लिहिलं. कार्यालय आहे, पत्ता तोच आहे, येऊन बघावं, असं त्यात होतं.

आणि ते बघायला आले. आले कधी, तर कानबाईच्या शनिवारी.

खान्देशाबाहेरच्यांना कानबाई सांगावी लागते. नागपंचमीनंतरच्या रविवारी ही आमची देवी घरात बसते. प्रत्येक घरी नाही, ज्या घराण्यात चालत आलीय तिथे. सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. तिच्यासाठी घर पोतेऱ्यानं, चुन्यानं नवं करतात. गव्हाचं खास दळण होतं, त्याचे रोट. ते भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, लग्न झालेल्या लेकीलाही नाही. घराघराचे नेम वेगळे. अक्कांच्या सासरचा नेम जरा कडकच. रोटांचं दळण घरात आलं की रोट उठेपर्यंत, म्हणजे खाऊन संपेपर्यंत, त्या घरातून काहीच बाहेर जात नाही. काडेपेटीसुद्धा नाही. आणि कानबाई घरात असताना दारावर दुसऱ्या कुणाचं नाव नको, म्हणून नाना होते तेव्हाही दर श्रावणात स्वतः स्टुलावर चढून बोर्ड उतरवायचे आणि रोट उठले की परत लावायचे.

त्या शनिवारी मी अक्कांच्या ओट्यावर बसून कानबाईच्या साडीला फॉल लावत होते. जीप थांबली. दोघं उतरले. साहेब परक्या जिल्ह्यातले असावेत, बोलणं इकडचं वाटत नव्हतं. सोबतचा कारकून मात्र आमच्याच भागातला.

"तापी-पांझरा पक्षाचं कार्यालय कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"हाईच," अक्का म्हणाल्या.

"बोर्ड दिसत नाही."

"उतारेल शे. घरमां कानबाई येनार शे."

साहेबांनी कारकुनाकडे बघितलं. कारकून खाली बघत होता, गालात हसू होतं. त्याच्याही घरी कानबाई बसत असणार.

"बरं. सभांच्या नोंदी, सभासदांची यादी, काहीतरी दाखवा."

"आते नही."

"म्हणजे नाहीये?"

"शे ना. बठ्ठं शे, पेटीमां शे. पन दळन घरमां येल शे. आते घरमाईन काही बाहेर निंघत नही."

कारकून हळूच म्हणाला, "साहेब, रोट उठेपर्यंत देत नाहीत हे लोक."

"मी काय लिहू मग?" साहेब त्याला म्हणाले. "कानबाई?"

ते चिडले नव्हते. उन्हातून आले होते आणि अजून शिरपूरला जायचं होतं. अक्का म्हणाल्या, "भाऊ, रोट उठू द्या, मंग या. बठ्ठं दाखाडसू, एकेक कागद." साहेब म्हणाले, "मावशी, मला आजच अहवाल द्यायचाय." त्यांनी मोबाईलवर दाराचा फोटो काढला. नुकताच मारलेला चुना, अजून ओला, आणि त्यात बोर्डाचे दोन खिळे.

मग अक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माय, तुना घरना चहा कर. मना घरना तर चालाव नही, पन पाहुणा तसाच जाई का?"

मी पळत घरी गेले. आमचं घर त्यांच्या समोरच, गल्ली ओलांडली की दार. चहा करून आणला. साहेबांनी उभ्यानंच घेतला, बरा झालाय म्हणाले. चहा संपल्यावर त्यांनी जे पाहिलं-ऐकलं ते लिहिलं. फलक नाही. कागदपत्रं मागितली, दाखवली नाहीत. खोटं एक अक्षर नव्हतं.

नवरात्राच्या सुमाराला हुकूम आला. नाव यादीतून काढलंय, अपील करायचं तर अमुक मुदतीत करा.

अपिलासाठी हितेंद्र वकिलांकडे जायचं ठरलं. त्यांचं ऑफिस जळगावला. वडील गिरणीत नानांसोबत होते, त्या शंभर जणांतले एक. शिंदखेड्याहून पॅसेंजर पकडून आम्ही तिघं निघालो. अक्का, मी आणि समाधान. समाधान हा पक्षाचा सगळ्यात तरुण माणूस, म्हणजे चाळिशीतला. त्याची केशकर्तनाची टपरी आहे आणि पुढेमागे आपण विधानसभेला उभं राहावं असं त्याच्या मनात आहे. अमळनेर आलं तेव्हा तो अक्कांकडे वळला. मग म्हणाला, "अक्का, एक दिवस बोर्ड ऱ्हाता तं कानबाई काय रागावती?"

"तू नानाले इचारता का आसं?"

"नाना ऱ्हाता तं मी नही इचारता."

"मंग माले काब्र इचारस?"



हितेंद्रभाऊंनी प्रतिज्ञापत्र तयारच ठेवलं होतं. कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली नोटरीचं टेबल, तिथे उभं राहून त्यांनी अक्कांच्या हातात कागद दिला. "फक्त सही करा अक्का. बाकी मी बघतो."

अक्कांना मराठी वाचता येतं, पण सावकाश. त्या ओळीवर बोट ठेवून वाचायला लागल्या. मागे माणसं खोळंबली होती. एका ओळीवर बोट थांबलं.

"हाई काय शे? 'सदर दिवशी अर्जदार बाहेरगावी होत्या व घर बंद होते.'"

हितेंद्रभाऊ त्यांना बाजूला घेऊन आले. समजावून सांगितलं, रागावून नाही. ते म्हणाले, "अक्का, आपली बाजू दोन पायांवर उभी आहे. एक म्हणजे, कायद्यात पक्षाची नोंदणी करायचं कलम आहे, रद्द करायचं सरळ कलम नाही. फसवून नोंदणी केली, पक्षानंच राज्यघटना मानत नाही म्हटलं, सरकारनं बेकायदा ठरवला, अशा मोजक्या वेळी रद्द होते, असं कोर्टानंच पूर्वी म्हटलंय. आपण यातलं काही केलेलं नाही. ते म्हणतात आम्ही रद्द केलं नाही, फक्त यादीतून नाव काढलं. त्यावर वाद होईल, वर्षभर चालेल. दुसरा पाय म्हणजे चौकशी. घर बंद असताना चौकशी केली तर ती चौकशीच नाही, हुकूम लगेच मागे येतो. पण तुम्ही घरात होत्या आणि कागद दाखवायला नाही म्हणालात, असं झालं तर तो पाय गेला."

अक्का म्हणाल्या, "रद्द नही, नुसतं यादीमाईन काढं. म्हंजे रेशनकार्ड तसंच शे, पन दुकानदारनी यादीमां नाव नही. आसंच ना?"

हितेंद्रभाऊ हसले. "अगदी तसंच."

"मंग पोट कसं भरी?"

"म्हणून तर सही करा म्हणतोय."

अक्कांनी कागद दुमडला. "भाऊ, मी बाहेरगाव व्हती आसं तू लिखं तं एखादी येळ मी आंगठा ठोकी देती. मनं काय, माले कोन वळखस? पन घर बंद व्हतं आसं लिखेल शे. दळन घरमां व्हतं. कानबाई येवानी व्हती. त्या घरले मी कुलूप लावी बाहेरगाव गई, आसं शपथवर लिखी देऊ?"

हे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना कळलं असेल असं नाही. मला कळलं, कारण मी तो फॉल लावत होते. ज्या घरी कानबाई यायची, त्या घराचं दार त्या दिवसांत लोटूनसुद्धा घेत नाहीत. कुणी मेलं तरी भाऊबंदांतलं एक माणूस घरात राहतं. अक्कांनी देवीचं नाव घेऊन कुणाला काही ऐकवलं नाही. त्यांना एवढंच म्हणायचं होतं की हे त्यांच्या हातून लिहून होणार नाही.

समाधान आता उसळला. "अक्का, तुनी कानबाई मत देई का आपले? शंभर लोकेस्ना पक्ष तू एक ओळसाठे बुडावस!"

"मत नही देई," अक्का म्हणाल्या. "पन ती घर येवानी व्हती."

"नानानं नाव पुसायनं तं तुना हातखाल पुसायनं, ध्यान ठेव."

हे त्यानं बोलायला नको होतं. अक्कांचा चेहरा एकदम लहान झाला. त्या कडुनिंबाच्या पारावर बसल्या आणि पदरानं तोंड पुसत राहिल्या. मी पाणी दिलं. बऱ्याच वेळानं त्यांनी हितेंद्रभाऊंना जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "जे झालं ते लिख. बोर्ड मी उतारा. कागद मी नही दिधात. का नही दिधात ते बी लिख. रोट उठनात तवयपाईन मी तीन रविवार ओटावर वाट देखी, कोनी उनं नही, ते बी लिख. मंग मी सही करस."

हितेंद्रभाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "अक्का, हे मी माझ्या पक्षकाराविरुद्धच लिहितोय, असं वाटतंय मला." पण लिहिलं. दुपार गेली त्यात. नोटरीचा जेवणाचा डबा तसाच राहिला. 'कानबाई' हा शब्द नुसता ठेवायचा की समजावून लिहायचा यावर हितेंद्रभाऊंची आणि नोटरीची थोडी चर्चा झाली. शेवटी तसाच ठेवला. अक्कांनी पुन्हा सावकाश वाचलं आणि सही केली. मंजुळाबाई योगराज, एवढंच.

त्या कागदावर अपील टिकलं नाही. आता खंडपीठात याचिका आहे. त्यात पहिला पाय तेवढा उरलाय, कायद्याचा. हितेंद्रभाऊ मला एकदा फोनवर म्हणाले, "केस अवघड झाली खरी. पण आता मला उभं राहून बोलताना काही लपवायचं नाही, तेवढं सोपं झालंय."

समाधान पक्षावर यायचा थांबला. म्हणजे येतो, पण ओट्याच्या खालूनच बोलतो. गावात दोघं-चौघं अक्कांना ऐकू जाईल असं म्हणतात, "देवभोळी बाई अध्यक्ष केल्यावर आणखी काय होणार?" अक्का ऐकतात. बोर्ड मात्र त्यांनी काढलेला नाही. रविवारची बैठक होते. यादीत नाव नसलेल्या पक्षाला बोर्ड लावता येतो का, असं मी हितेंद्रभाऊंना विचारलं होतं. ते म्हणाले, लावू दे.

आर्वीच्या अलीकडे एका शेतकऱ्यानं यात्रेकरूंसाठी मांडव घातला होता. लिंबाची सावली, रांजण, गुळाचं पाणी. तिथे अक्का अखेर बसल्या. मी त्यांच्या फोडाला पट्टी लावली. त्यांनी पाय माझ्या मांडीवर ठेवू दिला नाही, वाकून स्वतःच धरून बसल्या.

"एक सांगू?" त्या म्हणाल्या. "ते लोके बी खोटं नही बोलत."

"कोण?"

"दिल्लीवाला. ज्याले लढानं नही तो पक्ष काब्र ठेवस, आसं म्हनतस. बरोबरच शे. हितेंद्र सांगत व्हता, काही लोके पक्ष नुसता नावले ठेवतस, आतमां भलतंच काही चालस. तेस्नी यादी झाडी तं झाडाले पाहिजे." त्यांनी गुळाच्या पाण्याचा घोट घेतला. "पन आपलं घर झाडाले उनात तवय आपन बी कचरामां गऊत."

मी म्हटलं, "अक्का, तुम्ही त्या दिवशी बोर्ड उतरवला नसता तरी सहा वर्षं लढलो नाही हे राहिलंच असतं. सगळं तुमच्यामुळे झालं असं नाही."

"ते माले माहीत शे."

"मग?"

"माहीत ऱ्हावानं आनि नींद येवानं, हाई येगळं शे."

मांडवात एक म्हातारे बुवा टाळ बाजूला ठेवून झोपले होते. त्यांच्या तोंडावर माशा बसत होत्या, अक्का पदरानं वारा घालून त्या उडवत होत्या. ओळख ना पाळख. मी बघत बसले. मला वाटलं, या बाईचा पक्ष कशात आहे हे कुठल्या अहवालात येणार? आणि लगेच असंही वाटलं की अहवाल लिहिणाऱ्यानं तरी काय करावं, त्याला दाराचाच फोटो काढता येतो.

"श्रावण कितला दूर शे?" त्यांनी मधेच विचारलं.

"यंदा अधिकमास आहे ना, त्यामुळे लांबच. का?"

"हितेंद्र म्हने, कोर्ट म्हनी तं परत चौकशी लागू शकस. कवय बी येतीन." त्या वारा घालायच्या थांबल्या. "कानबाई तर येईच. बोर्ड मी उतारसूच. ते माले चुकाडता येवाव नही, आनि चुकाडानं बी नही. नानानं चुकाडं नही."

"मग परत तेच होईल, अक्का."

"तोच इचार करत व्हती लळिंगपाईन."

विचार तुटू नये म्हणून त्यांनी बसायचं टाळलं होतं, हे मला आता कळलं. त्यांनी पाय खाली ठेवला, टेकवून बघितला, आणि माझ्याकडे सरळ बघितलं. आमच्या घराबद्दल त्यांना सगळं माहीत आहे. आमच्या यांचं बी-बियाण्याचं दुकान घरातच, खालच्या खोलीत. सगळ्या पक्षांचे लोक तिथे येतात, बसतात, आणि हे कुणाच्याच बाजूनं एक शब्द बोलत नाहीत. त्यावर दुकान चालतं. आमच्या दारावर आजवर गणपती सोडून कुणी लागलेलं नाही. लग्न झाल्यापासून मी मतदान करून आले तरी यांनी कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

"तुना घर कानबाई बसत नही," अक्का म्हणाल्या.

"नाही. आमच्याकडे नाही चालत आली."

"त्या दिन चहा तुना घरना व्हता. साहेबले चालना."

"हो."

त्यांनी हात जोडल्यासारखे केले आणि लगेच सोडले, जणू हात जोडून मागितलं तर माझ्यावर ओझं होईल.

"दळन येवाना आधी, एक दिन आधी, मी सोता आनी दिसू. बोर्ड आनि कागदनी पेटी. रोट उठनात का परत ली जासू. तवलगून तुना दारवर लावू देशी का? तुना घरवालाले इचार. आते नको सांगू. गडवरथीन घर गई का इचार, आनि मंग माले सांग."